दोन पन्नास

गुरुवार, रात्र

आज एस. वाय.च्या वर्गात आरक्षणाचा विषय काढला. रोज दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालून येणारी पोरं, तरी हा शब्द उच्चारला की वर्गात नुसते पंखे ऐकू येतात.

गेल्या वर्षी थेट 'कुणाला काय वाटतं?' विचारून बसलो. पाच मिनिटांत दोन बाकांची जुंपली. त्यात मी मागच्या एकाला म्हणालो, 'तू सांग, तुमच्याकडं काय म्हणतात?' सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. पुढं वर्षभर त्यानं माझ्या तासाला तोंड उघडलं नाही. ते 'तुमच्याकडं' अजून बोचतंय.

म्हणून यंदा आधी कागद. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानचा, शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम: संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्यांना. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. एवढं वाचलं आणि पोरं मनातल्या मनात आपापलं आडनाव त्या यादीला लावून बघायला लागली. मग सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा इंद्रा साहनी निकाल, त्यातली आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा, २०२१ ला त्याच न्यायालयानं रद्द केलेलं मराठा आरक्षण.

एक मुलगी 'मी बोलतो सर' म्हणत उठली. (इथल्या पोरी बोलतो-जातोच म्हणतात, बाहेरून आलेल्या मॅडम अजून दचकतात.) 'महाराजांचे पन्नास म्हणजे निदान एवढे तरी. कोर्टाचे पन्नास म्हणजे ह्याच्या वर नको. आकडा तोच, पण उलटा की ओ!' इतकी वर्षं शिकवतोय, मला हे असं मांडता आलं नव्हतं. त्यावर वाद झाला, चांगला कडक झाला, पण आकड्यावर झाला. कुणाच्या घरावर गेला नाही.

शेवटी बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या. एकीत होतं, 'रूमवर मी आडनाव सांगत नाही.' वाचून दाखवणार होतो, तेवढ्यात वाटलं, शेजारच्यानं अक्षर ओळखलं तर? ठेवून दिली.

दुसरीत: 'सर, तुमचं ॲडमिशन कुठल्या कोट्यातनं?'

ती घडी घालून खिशात टाकली आणि 'वेळ संपली' म्हणालो. घड्याळात सात मिनिटं बाकी होती. पोरांनीही पाहिलं असणार.

बायको म्हणते, सांगून टाकायचं की सरळ. तिला काय, तिला सोमवारी त्या वर्गात उभं राहायचं नाही.