अण्णांना घाट दाखवायचा म्हणून

अण्णांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याला आता दोन वर्षं होतील. चालतात चांगले, कोल्हापुरात रंकाळ्याला एक फेरी मारून येतात, पण गाडीवर बसायचं बंद झालं ते झालंच. आयुष्याची तीस वर्षं त्यांनी एका गुळाच्या अडत्याकडे दिवाणजी म्हणून काढली. महिन्यातून एकदा वसुलीला येझदीवरून कोकणात उतरायचे. वैभववाडी, तळेरे, खारेपाटण. जाताना करूळ घाट, येताना भुईबावडा, असा त्यांचा ठरलेला रिवाज. मागच्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस लागला तेव्हा गॅलरीत उभं राहून म्हणाले, "घाटात आता धुकं उतरलं असंल."

एवढंच म्हणाले. मी दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा शोधायला लागलो.

हे आधी सांगितलं, कारण कॅमेरा कुठला घ्यावा आणि कुठं बसवावा याचं उत्तर तो कुणासाठी घेताय त्यावर ठरतं. मला चॅनेल काढायचा नव्हता. साठ किलोमीटरच्या वेगानं जाणारा रस्ता एका माणसाला त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवरून दाखवायचा होता.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, फोन हँडलला लावून. माझी गाडी जुनी रॉयल एनफिल्ड क्लासिक 350. एकच मोठा सिलिंडर, त्याची थरथर हँडलमध्ये पुरेपूर येते. फुलेवाडीच्या पुढं जाऊन परत आलो आणि व्हिडिओ बघितला, तर विजेचे खांब पाण्यात हलावेत तसे वळवळत होते. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे, थरथर हा माझा रोजचा विषय, तरी हे आधी डोक्यात आलं नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमानं वाचत जातो. तेवढ्या वेळात कॅमेरा हलला की सरळ खांब वाकडा दिसतो. शिवाय ज्या फोनच्या लेन्सला स्थिर ठेवणारी हलती यंत्रणा असते, तिला इंजिनाची थरथर सोसत नाही. ॲपलनं तर 2021 मध्ये मोटारसायकलच्या हँडलला आयफोन लावण्याबद्दल तशी सूचनाच काढली होती. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा, पण तिसऱ्या फेरीनंतर त्याचं फोकस जे अडखळायला लागलं ते आजही तसंच आहे. फोन हँडलला लावू नका. नकाशासाठी लावायचाच असेल तर थरथर शोषणारा रबरी जोड असलेला माउंट घ्या.

हेल्मेटला-गाडीला लावायचे छोटे, दणकट ॲक्शन कॅमेरे असतात, त्यातल्या बहुतेकांत लेन्स हलत नाही. आतला जायरो हालचाल मोजतो आणि चित्राच्या कडा कापून, फ्रेम सरकवून ते स्थिर केलं जातं. गोप्रोनं 2018 च्या हिरो 7 ब्लॅकमध्ये हेच तंत्र हायपरस्मूथ नावानं आणलं, तेव्हापासून दुचाकीवाल्यांचं काम खरं सोपं झालं. त्याआधी हवेत तरंगल्यासारखं चित्र हवं तर गिंबल, म्हणजे कॅमेरा मोटारींनी तोलून धरणारी दांडी, बाळगावा लागायचा. मी बघायला लागलो तेव्हा माझ्यासमोर दोन होते, गोप्रोचा हिरो 12 आणि डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन 4. दिवसाच्या उन्हात दोघांच्या चित्रात मला काही मोठा फरक दिसला नाही. मी ॲक्शन 4 घेतला तो दोन कारणांनी. पहिलं, त्याचा सेन्सर मोठा आहे, 1/1.3 इंचाचा. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला पावसाळ्यात सकाळी दहालाही दिवेलागणीसारखा उजेड असतो, तिथं मोठ्या सेन्सरचा उपयोग होतो. दुसरं, तो चुंबकाच्या खटक्यानं माउंटला चटकन बसतो आणि निघतो. चहाला थांबलं की कॅमेरा काढून खिशात टाकायचा, हेल्मेट गाडीवर. प्रत्येक वेळी स्क्रू फिरवत बसलो असतो तर चौथ्या खेपेला मी कॅमेरा घरीच ठेवला असता. 360 अंशांचे कॅमेरेही बघितले. त्यात मागाहून हवी ती दिशा निवडता येते, पण दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या भिंगांवर कोकणचा पाऊस आणि लाल चिखल, ही कल्पनाच मला सोसेना.

कॅमेरा आठवड्यात ठरला. जागा ठरायला कित्येक आठवडे गेले.

आधी इंजिनापुढच्या लोखंडी क्रॅशगार्डला लावला. त्यासाठी उद्यमनगरात गेलो, ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे. क्लॅम्प आणि गार्ड यांच्यामध्ये बसेल असा ॲल्युमिनियमचा बुश वळून मागितला. त्यांनी आधी माउंटचा प्लास्टिकचा अंगठ्यानं फिरवायचा स्क्रू हातात घेऊन बघितला. "ह्यो एम 5 हाय. आणि ह्याच्यावर एवढं महागाचं लावून घाटात निघालाईस व्हय?" त्यांनी डब्यातून स्टेनलेसचा एम 5, म्हणजे 5 मिलिमीटरचा, बोल्ट काढला आणि नायलॉक नट दिला. या नटाच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते, त्यामुळं थरथरीनं तो सैल होत नाही, तरीही ताकद लावली तर कॅमेऱ्याचा कोन बदलता येतो. आजपर्यंत कॅमेऱ्यासाठी घेतलेल्या सगळ्या महाग सामानात त्या नटाइतकं काहीच उपयोगी पडलं नाही. गोप्रोच्या पद्धतीचा तीन बोटांचा जोड जिथं जिथं असेल तिथं हाच बोल्ट घाला.

क्रॅशगार्डवरून रस्ता मात्र फार खालून दिसतो. वेग दुप्पट वाटतो, पुढचं चाक आणि डांबर भरून राहतं, दरी दिसतच नाही. अण्णांनी दोन मिनिटं बघितलं आणि चष्मा काढला.

मग छातीचा पट्टा. त्यात हात, टाकी, मीटर सगळं येतं, क्लच कधी दाबला तेही दिसतं. गाडी शिकवायची असेल तर यासारखी जागा नाही. पण मान वळवली तरी कॅमेरा वळत नाही. वळणावर मी दरीकडे बघतोय आणि व्हिडिओ मीटरकडे. अण्णा म्हणाले, "मीटर नको, रस्ता दाव." हेल्मेटच्या माथ्यावर लावला तर ट्रकच्या केबिनमधून बघितल्यासारखं दिसलं, आणि वाऱ्यात डोकं मागं ओढलं जायला लागलं. कानाच्या बाजूला लावला. कॅमेऱ्याचं वजन 145 ग्रॅम, हातात काहीच वाटत नाही. पण कागलच्या बाजूला हायवेवर ऐंशीनं गेलो तर मान एका बाजूला मुरगळल्यासारखी होते, आणि घरी आल्यावर रात्री कळते.

राहिली हनुवटी. फुल फेस हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्टीवर, तोंडासमोर. इथं कॅमेरा डोळ्यांपासून वीतभर खाली असतो, मान फिरेल तिकडे फिरतो, वजन मधोमध राहतं आणि वारा दोन्हीकडून सारखा लागतो. हँडल खाली थोडंसं दिसतं, तेवढं हवंच, नाहीतर बघणाऱ्याला आपण गाडीवर आहोत हे वाटत नाही. मी सगळ्यांना हीच जागा सांगतो. कोन लावताना गाडीवर, नेहमी बसता तसं बसून लावा. उभं राहून लावला की हमखास चुकतो, कारण बसल्यावर मान थोडी पुढं जाते आणि निम्म्या चित्रात टाकी येते. फोनच्या ॲपमध्ये बघत, क्षितिज मधल्या रेषेच्या जरासं खाली येईल इतका कॅमेरा वर उचलायचा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. हेल्मेटला भोक पाडू नका. आयएसआयची चाचणी होते ती अखंड हेल्मेटची. स्क्रूसाठी भोक पाडलं की त्या चाचणीला अर्थ उरत नाही. कॅमेरा चिकटवलेलाच असावा, म्हणजे पडल्यावर तो सुटून जाईल. चिकटवण्याआधी पुसायला थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, कवच पॉलिकार्बोनेटचं असेल तर ते आतून कमकुवत होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळतं, त्याचा एक बोळा पुरतो.

आणि चिकटवल्यावर थांबा. हे मी ऑगस्टमध्ये शिकलो. शनिवारी पार्सल आलं, रविवारी पहाटे पाचला दिव्याखाली बसून माउंट चिकटवला आणि साडेपाचला निघालो. बालिंग्याचा पूल, कळे, सगळं ठीक. साळवणच्या पुढं पावसानं झोडपायला सुरुवात केली आणि एका खड्ड्यात हनुवटीखालचं वजन एकदम हलकं झालं. मागं वळून दोनशे पावलं चाललो. कॅमेरा साइडपट्टीच्या चिखलात उताणा पडलेला, लाल दिवा चालूच. समोरून आलेला दुधाचा टेम्पो त्याच्या वीतभर बाजूनं गेला होता. भिंगावरच्या काचेला चरे पडले, पण ती काच वेगळी निघते, तेवढी बदलून भागलं. चूक पूर्ण माझी होती. माउंटखाली असते ती व्हीएचबी टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी. ती लावल्यावर वीस मिनिटांत साधारण निम्मी धरते, 24 तासांत नव्वद टक्के, आणि पूर्ण ताकद यायला 72 तास लागतात. तेही कोरड्या, उबदार पृष्ठभागावर. मी ती पहाटेच्या दमट गारव्यात लावून अर्ध्या तासात पावसात नेली. आता हेल्मेट आधी तासभर उन्हात किंवा बल्बखाली ठेवतो, टेप लावून अंगठ्यानं मिनिटभर दाबतो आणि तीन दिवस हात लावत नाही. शिवाय कॅमेऱ्याला एक बारीक दोरी बांधतो, कॅमेरा सुटला तर लोंबेल एवढी, पण जोराचा हिसका बसला तर तुटेल अशी.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून सेकंदाला 25 किंवा 50 फ्रेमवर घ्या आणि अँटी-फ्लिकर 50 वर ठेवा, नाहीतर दसरा चौकातले दिवे लुकलुकतात. शटर फ्रेमच्या दुप्पट, म्हणजे 25 फ्रेमला 1/50 सेकंद, ठेवायचा असा नियम सांगतात आणि त्यासाठी उजेड कमी करणारी काळी एनडी काच लावतात. गुळगुळीत हायवेवर तो छान चालतो. आमच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र प्रत्येक धक्क्याला चित्र पुसट होतं, कारण फ्रेम स्थिर झाली तरी तिच्या आत मिसळलेली हालचाल निघत नाही. मी 1/120 पेक्षा संथ शटर ठेवत नाही. कार्ड व्ही 30 (म्हणजे सेकंदाला किमान 30 मेगाबाइट लिहिणारं) लिहिलेलं, खात्रीच्या दुकानातलं घ्या. सेकंदाला 100 मेगाबिट या दरानं तासाला 45 जीबी भरतात, म्हणजे 128 चं कार्ड तीन तासही पुरत नाही. बॅटऱ्या तीन. आणि एप्रिलच्या उन्हात कावळा नाक्याच्या सिग्नलला रेकॉर्डिंग बंद करा. थांबलेल्या गाडीवर वारा लागत नाही, कॅमेरा तापून स्वतःच बंद पडतो.

क्षितिज सरळ ठेवणारी सोय मी बंद ठेवली आहे. ती चालू असली की गाडी वळणात झुकते, पण चित्र झुकत नाही. अनेकांना तसंच आवडतं, बघताना गरगरत नाही. अण्णांना तसा एक व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "ही गाडी हाय का बस?" वळणात जग तिरपं होतं, तेच तर त्यांना बघायचं होतं.

आवाजाला सगळ्यात जास्त वेळ लागला. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये वाऱ्याशिवाय काही येत नाही. बाहेरचा माइक यूएसबीच्या तोंडाला लावता येतो, पण त्यासाठी झाकण उघडं राहतं आणि मग कॅमेरा पावसात चालत नाही. शेवटी जुना फोन टँक बॅगेत ठेवला, त्याच्या कॉलर माइकला स्पंज लावून तो सीटखाली सायलेन्सरच्या बाजूला सोडला. निघताना एकदा हॉर्न वाजवायचा, घरी तो हॉर्न जुळवून चित्र आणि आवाज एकत्र करायचे.

सप्टेंबरच्या शेवटी असा पहिला पूर्ण व्हिडिओ झाला. गगनबावड्याच्या फाट्यापासून भुईबावडा घाट, एकही कट नाही. टीव्हीला लावला. अण्णा खुर्ची पुढं ओढून बसले. तिसऱ्या-चौथ्या वळणाला त्यांचा डावा पाय जमिनीवर हलला. येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर, डावीकडे. ज्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तोच पाय गिअर खाली घेत होता. मी काही बोललो नाही. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला, "थांबीव." डाव्या हाताला कातळ, त्यावरून पाणी वाहत होतं. "हितं प्लगमध्ये पाणी गेलतं. रात्रीचे नऊ. खिशात वसुली. एक एसटी थांबली, कंडक्टरनं बॅटरी धरली, म्या प्लग पुसला." हे मी पस्तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. तिनंही ऐकलं नव्हतं.

नंतर त्यांनी विचारलं, "खाली खारेपाटणापातुर जाशील काय? नदीच्या अलीकडं एक दुकान हुतं, शिल्लक हाय का बघायचंय."

नवं हेल्मेट घेतलंय, जुन्याला पाच वर्षं झाली होती. बुधवारी रात्री आठला त्याच्यावर माउंट चिकटवला. शनिवारी रात्री आठला 72 तास होतात. रविवारी पहाटे निघतोय.