मशालीच्या उजेडातला हात: चौथा प्रूफ

काल रात्री चौथा प्रूफ, म्हणजे चाचणीचा छापा, काढला. हात पूर्ण जमलेला नाही, पण पहिल्यांदाच तो काळोखातून वर आल्यासारखा वाटला, म्हणून लगेच लिहायला बसलो.

मागचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी: डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६५४ सालच्या एका एचिंगचा (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरून काढलेल्या छाप्याचा) अभ्यास चाललाय. येशूचं शव रात्री मशालीच्या उजेडात वधस्तंभावरून उतरवतात, तो प्रसंग. मूळ छापा जेमतेम २१ बाय १६ सेंटिमीटरचा. वर पांढऱ्या कापडात अर्धवट उतरलेलं शरीर, खाली पुढ्यात तिरडी, आणि मधल्या काळोखात आधाराला वर आलेला एक उघडा हात. सगळं दुःख मला त्या हातात दिसतं.

घरात ॲसिड नको म्हणून मी ॲक्रिलिक शीटवर ड्रायपॉइंट करतो, म्हणजे सुईने थेट रेघा ओरखडतो. पहिली शीट अंधाराच्या हव्यासात गेली. हाताभोवती इतक्या रेघा मारल्या की बोटं बुजली. दुसऱ्या शीटवर बोटांना बाह्यरेषा दिली, तर हात कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला. आता तिसऱ्या शीटवर बोटांना रेघच नाही. आजूबाजूच्या आडव्या-उभ्या रेघा बोटांपाशी येऊन थांबतात. सुईने उचललेली कड शाई धरते, त्यामुळे काठ मऊ, मखमली येतो. शाई पुसतानाही सगळी पुसली नाही. जाळीच्या कापडाने पातळ थर राखला आणि कापूस गुंडाळलेल्या काडीने फक्त बोटं स्वच्छ केली. त्याच सुमाराच्या दफनविधीच्या छाप्यांत रेम्ब्रांटनेही प्लेटवर असा थर ठेवलाय, म्हणून एकाच प्लेटच्या दोन छाप्यांतला काळोख सारखा नसतो.

बाबांना खाली नेलं तेव्हा आमचा जिना अरुंद पडला होता. वळणावर कुणीतरी त्यांच्या डोक्याखाली हात घातला. कुणाचा, ते मला आजही माहीत नाही. गर्दीत फक्त तळवा दिसला. हे चित्र मी का निवडलं, हे दुसरी शीट फुकट गेल्यावर कळलं.

अंगठ्याजवळची एक रेघ फार काळी उठतेय, तिच्यावर बर्निशर (रेघ घासून दाबायचं गुळगुळीत हत्यार) हलक्या हाताने फिरवायचाय. कड आठ-दहा छाप्यांत चेपते, तेव्हा फार प्रूफ काढून चालणार नाही. शनिवारी रात्री कागद ओला करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवीन. पाचवा प्रूफ रविवारी.