अडतीस मागाल तर

स्वीडनमधल्या सिग्टुना या गावाचा मुख्य रस्ता, स्तूरा गातान, इतका अरुंद आणि दोन्ही बाजूंची लाकडी घरं इतकी बुटकी, की दुकानाची पाटी वाचायला मान वर करावी लागत नाही. गाव वसलं साधारण ९८० साली. ९९५च्या सुमाराला उलोफ श्योटकोनुंग राजाने स्वीडनचं पहिलं नाणं इथेच पाडलं. रस्त्याची रेघ तेव्हापासून फारशी हललेली नाही. बदल झालाय तो नाण्यांच्या बाबतीत. आज त्याच रस्त्यावर खिशात रोकड घेऊन फिरणारा माणूस अडचणीत येतो, कारण बऱ्याच दुकानांत रोख घेतच नाहीत.

स्टॉकहोमहून लोकलने मेर्श्ता स्टेशन, तिथून बस. स्टॉकहोमला नोकरी करणाऱ्या मुलामुलींकडे उन्हाळ्यात महाराष्ट्रातून आईबाबा येतात. राजवाडा आणि वासा हे जुनं युद्धजहाज पाहून झालं, की सिग्टुनाची पाळी येते. सेंट ओलोफच्या चर्चचे पडके दगड आणि रूनशिळा (जुन्या रून लिपीत कोरलेले दगड) पाहायला तास-दीड तास पुरतो. मग उरतात मेलारेन सरोवराकाठची कॉफी आणि बायकांच्या कपड्यांची छोटी दुकानं. शनिवारी तीन-चार वाजता ही दुकानं बंद होऊ लागतात आणि रविवारचा तर भरवसाच नसतो. म्हणून आधी दुकान आणि नंतर कॉफी, हा क्रम सोडू नये.

आत गेलं की दुकानातल्या बाई ‘हेय’ म्हणतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. हातातल्या स्टीमरने एखाद्या झग्याच्या चुण्या काढत असतात. मागे मागे येत नाहीत, ‘नुसतं बघा तरी’ म्हणत नाहीत. आपल्या साडीच्या दुकानात गादीवर बसलं की समोर ढीग पडतो आणि ढिगाच्या भिडेने एक तरी साडी घ्यावी लागते. इथे भीड नावाची गोष्ट नाही. अर्धा तास बघून काहीही न घेता निघालात तरी कोणी तोंड वाकडं करत नाही. मात्र माप हवं असेल तर आपणच बोलावं लागतं. अशा दुकानाची खरेदी बहुधा मालकीणच करते आणि एका डिझाइनचे प्रत्येक मापात दोन-तीनच नग मागवते. दांडीवर ४० नसेल तर मागच्या खोलीत असेल, तिथे नसेल तर विषय संपला. हंगामाच्या मध्यात ३८ आणि ४० आधी उडतात आणि शेवटाला दोन्ही टोकांची मापं लोंबत राहतात. सेल लागतो तो जूनच्या अखेरीला आणि नाताळनंतर. आपल्या हवेत चालणारं लिनन हवं असेल तर जुलै बरा, कारण ऑगस्टपासून दांड्यांवर लोकर दिसू लागते.

आता माप. आपल्याकडच्या कुर्त्यावर ३८ लिहिलेलं असतं ते इंचांच्या हिशेबाने. तिथल्या ३८चा इंचांशी काही संबंध नाही. हिशेब असा: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, निम्मा करा, त्यातून सहा वजा करा. ८८ सेंटिमीटरचे निम्मे ४४, वजा सहा, ३८. आपले ३८ इंच म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर. निम्मे सव्वाअठ्ठेचाळीस, वजा सहा, उरले बेचाळीस आणि थोडं. म्हणजे ३८ मागणाऱ्या बाईला ४२ लागणार. कपडा फ्रेंच असेल तर सहाऐवजी चार वजा करायचे. त्यामुळे एकाच दांडीवर शेजारी लटकणारे दोन ४० एकमेकांशी जुळत नाहीत. त्यात हल्ली ढगळ कटाची चाल आहे; तसा कपडा एक माप खाली घेतला तरी चालतो. आकड्याने अंदाज येतो, निकाल आरशापुढेच लागतो.

घेर जमला म्हणजे कपडा बसला असं नाही. तिथले साचे उंच बाईसाठी काढलेले असतात. पाच फूट एक-दोन इंच उंचीच्या बाईला त्यात बाही चार-पाच सेंटिमीटर लांब होते, कंबर खाली उतरते आणि छातीचे टक्स असावेत त्याच्या खाली येतात. यातलं दुरुस्त होणारं आणि न होणारं आधीच वेगळं करून ठेवावं. खालची उंची कमी होते. साधी बाही कमी होते. पण मनगटाशी काज-पट्टी असेल तर काम वाढतं. खांदा आणि मुंढा मात्र जसाच्या तसा बसला पाहिजे. खांद्याची शिवण हाडाच्या बाहेर दोन बोटं घसरत असेल (आणि तो मुद्दाम उतरत्या खांद्याचा कट नसेल), तर कपडा कितीही सुंदर असो, दांडीवर परत. तयार झग्याचा खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा चढवायची, अस्तर असेल तर तेही. आणि एवढं करून गळ्याचा आकार बिघडण्याची टांगती तलवार राहतेच.

सैल करता येईल ही आशा तर सोडूनच द्यावी. आपला शिंपी बाजूच्या शिवणीत इंचभर माया सोडतो, दिवाळीनंतर ती कामाला येते. या कपड्यांत माया जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि कडा ओव्हरलॉक यंत्राने कापलेली. म्हणून कपडा आधी उलटा करून बघावा. बाजूची शिवण ओढली की टाके दात दाखवतात का? पट्ट्यांचं कापड असेल तर बाजूच्या शिवणीवर पट्टी पट्टीला मिळते का? खालची दुमड तीन-चार सेंटिमीटर आहे, की अर्ध्या सेंटिमीटरची नुसती टीप मारून भागवलंय? स्वेटरचा मुंढा बघावा. चांगल्या स्वेटरला तिथे शिवणीलगत कमी केलेल्या टाक्यांच्या तिरप्या खुणा ओळीने दिसतात, म्हणजे तो तुकडा आकारातच विणलाय. त्या खुणा नसतील तर विणलेलं कापड कापून शिवलंय. तोही टिकतो, पण त्याच्यासाठी तेवढे पैसे मोजू नयेत.

कापडाची जात आत शिवलेल्या लेबलच्या पट्टीवर टक्केवारीने लिहिलेली असते. युरोपात ते कायद्याने बंधनकारक आहे. स्वीडिश येत नसलं तरी चार शब्द पुरतात: बूमुल म्हणजे सुती, लीन म्हणजे लिनन, उल म्हणजे लोकर, सिल्के म्हणजे रेशीम. विस्कोस आणि पॉलिएस्टर वाचताच कळतात. समोर ‘लिननचा’ म्हणून ठेवलेला झगा पट्टीवर पंचावन्न टक्के लिनन आणि बाकी विस्कोस निघू शकतो. त्यात वाईट काही नाही, उलट तो अंगावर छान पडतो. पण घाम शोषून झटकन वाळण्याचं लिननचं काम तो तितकं करत नाही. शुद्ध लिनन मुठीत दहा सेकंद दाबलं की हमखास चुरगळतं. नाही चुरगळलं तर पट्टी पुन्हा वाचावी. दुसरा प्रश्न, कापड आधी धुतलेलं आहे का? नसेल तर पहिल्या धुण्यात चारेक टक्के आटतं, म्हणजे ११० सेंटिमीटरचा झगा साडेचार सेंटिमीटर वर चढतो. बुटक्या बाईला हे वरदानच, शिंप्याचे पैसे वाचतात. फक्त उंची कमी करायची ती धुतल्यानंतर, आधी नाही.

अशा जुन्या लाकडी घरांच्या खिडक्या लहान आणि आतले दिवे पिवळे. त्या उजेडात गर्द निळा आणि काळा यांत फरक कळत नाही, राखाडी उबदार दिसतो. कपडा घेऊन दारापर्यंत जाऊ का, असं विचारलं तर बाई हो म्हणतात. तिथल्या दुकानांत राखाडी, ओटच्या लापशीचा बदामी आणि दुधाळ पांढरा यांचं राज्य असतं. गोऱ्या कातडीवर ते सौम्य दिसतात. गव्हाळ वर्णावर तोच बदामी आजारी दिसतो. त्याच दांडीवर विटकरी, मोहरी किंवा शेवाळी असेल तर हात तिकडे वळवावा.

घालून बघायच्या खोलीत बहुधा एक पडदा, एक आरसा आणि एक हूक असतो. एका वेळी तीनपेक्षा जास्त कपडे नेले तर ठेवायला जागा उरत नाही. डोक्यातून घालायचा कपडा असेल तर पावडरचं कुंकू आणि लिपस्टिक आधी पुसावी. पांढऱ्या लिननच्या गळ्याला लागलेला डाग दुकानाचा राहत नाही, आपला होतो. स्वेटर घालण्याआधी मंगळसूत्र आणि कंगोरे असलेल्या बांगड्या काढाव्यात. विणीत मणी अडकला की धागा सुटून बाहेर येतो. घरी असं झालं तर तो धागा कधीही कापू नये, तिथून वीण उसवत जाते. बारीक क्रोशाच्या सुईने तो आतल्या बाजूला ओढून घ्यावा.

किमतीत घासाघीस नाही. चिठ्ठीवरच्या आकड्यात २५ टक्के कर धरलेला असतो, वर काही चढत नाही. हजार क्रोनरच्या (क्रोनर हे स्वीडनचं चलन) कपड्यात दोनशे कराचे. हा कर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला परत मागता येतो. म्हणजे स्टॉकहोमला राहणाऱ्या लेकीला नाही, पुण्याहून आलेल्या आईला मिळतो. बिल आईच्या पासपोर्टवर करावं लागतं, खरेदी किमान २०० क्रोनरची हवी आणि दुकान टॅक्स-फ्री योजनेत असायला हवं. छोटी दुकानं नसतातही, काचेवरचा स्टिकर बघावा. परतीच्या दिवशी विमानतळावर कर परत मागण्याचा फॉर्म मंजूर होईपर्यंत कपडा न वापरलेला आणि हाताशी ठेवायचा. बॅग आधी चेक-इन करून मग खिडकीपाशी जाणारे हात हलवत परततात. कर परत मिळवून देणारी मध्यस्थ कंपनी आपला हिस्सा कापून घेते, त्यामुळे पूर्ण दोनशे हातात पडत नाहीत. कार्ड यंत्रात घातल्यावर ‘रुपये की क्रोनर’ असं विचारलं तर क्रोनरच निवडायचं. रुपयांचा पर्याय दिसायला आपुलकीचा, दराने महाग.

परत देण्याबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. दुकानात जाऊन घेतलेला कपडा नुसता मन बदललं म्हणून परत घेण्याचं कायदेशीर बंधन स्वीडनमध्ये दुकानदारावर नाही. बरेच जण काही दिवसांची मुदत स्वखुशीने देतात; ती पावतीवर बघून घ्यावी किंवा विचारावी. शिलाईत किंवा कापडात मुळातच दोष निघाला तर गोष्ट वेगळी, त्याची तक्रार तीन वर्षांपर्यंत करता येते. दिसल्यावर लगेच करावी, एवढंच.

लोकरीचं पुढे काय होतं ते महाराष्ट्रात आल्यावर कळतं. नेहमीची धुण्याची पावडर अल्कलीयुक्त असते, काहींत प्रथिनं विरघळवणारी एन्झाइम्सही असतात, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. त्यात गरम पाणी आणि चोळणं आलं की धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर नातीच्या मापाचा होतो. त्याला उपाय नाही. कोमट पाणी, लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबणं आणि आडवं पसरून वाळवणं. पट्टीवर चौकोनात आडवी रेघ असते ती हेच सांगते. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. पावसाळ्याच्या आधी स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेवावा, कारण घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर कसर आधी लागते. शंका असेल तर शिवणी आणि काखेची जागा उजेडात तपासावी, अंडी तिथेच दडलेली असतात. घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवलं की ती मरतात. फक्त फ्रीजर उणे अठराला चालला पाहिजे आणि मटार काढायला जाणाऱ्याला आधी सांगून ठेवलं पाहिजे.