सारा ऑस्बॉर्नची पेन्शन फाईल

1837 साली पेनसिल्व्हेनियातल्या एका म्हातारीनं पेन्शनसाठी जबानी दिली. सारा ऑस्बॉर्न, वय 81. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात नवरा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेत, आणि ही त्याच्याबरोबर कधी गाडीतून, कधी घोड्यावर, कधी पायी, थेट यॉर्कटाऊनपर्यंत गेलेली. कपडे धुणं, शिवणं, रांधणं सगळं केलं. 1781 मध्ये तिथं इंग्रजांच्या फौजेला घातलेल्या वेढ्यात तोफा चालू असताना खंदकातल्या सैनिकांना बीफ, ब्रेड आणि कॉफी नेऊन द्यायची. खुद्द वॉशिंग्टननं विचारलं, तोफगोळ्यांची भीती नाही वाटत? ही म्हणाली, माणसांनी लढायचं आणि वर उपाशीही राहायचं, असं कसं चालेल!

बेळगावात कॅम्पात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन कामांचं दुकान आहे, त्यामुळे ही जबानी मला गोष्टीपेक्षा अर्जासारखीच वाटली. इथं मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र, असल्यानं येळ्ळूर, उचगाव, खानापूरकडच्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी फौजेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला आज्ज्यांची रांग लागते. भात लावून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन काही घेत नाही. "बोट लागंना बघ गे," म्हणतात, जसा काही त्यांचाच गुन्हा. मग डोळ्याचं मशीन काढायचं. त्यात 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर नाव एक, आधारवर दुसरं. एका आज्जीला लग्नाची तारीख विचारली, तर म्हणे, "तुळशीचं लगीन झाल्यावर रजेवर आलेले, तवा उरकलं. तारीख कोण लिवून ठेवतंय?"

साराचीही गत तीच. 1836 च्या कायद्यानं पेन्शन मिळणार होती ती विधवेला, तीही नवऱ्याची नोकरी संपायच्या आत लग्न झालेलं असेल तरच. म्हणजे खंदकापर्यंत नेलेली ती कॉफी फाईलमध्ये आली ती लग्नाचा पुरावा म्हणून! कामाचा हिशोब कुणी मागितलाच नव्हता. लग्नाचा पुरावा मागितला नसता तर आपल्याला हे कळलंही नसतं, ही गोष्ट वेगळी.

स्वतःच्या नावावर पेन्शन मिळालेली बाईही त्या युद्धात आहे, मार्गारेट कॉर्बिन. 1776 मध्ये फोर्ट वॉशिंग्टन या किल्ल्यावर नवरा तोफेजवळच मारला गेला, तेव्हा तिनं ती तोफ चालवली आणि जबर जखमी झाली. 1779 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, तिला जन्मभर सैनिकाचा निम्मा पगार मंजूर केला. तोफ चालवून, हात निकामी होऊन निम्मा! मग रांधणाऱ्या बाईला कोण विचारतो?

आणि साराचा तो नवरा? युद्ध संपल्यावर तो तिला सोडून गेला आणि दुसरं लग्न करून मोकळा झाला. पुढे हिनंही दुसरा संसार थाटला. तरी म्हातारपणी अर्ज केला त्या पहिल्याच्याच नावानं, आणि पेन्शन मंजूर करून घेतली. सोडायची कशाला? कपडे काय त्यानं धुतले होते?