गिटारच्या सोलोवरच थांबू नका

पुण्यात क्लासिकल गिटार शिकणाऱ्या कुणालाही विचारा काय ऐकतोस, उत्तर जवळपास ठरलेलं असतं, अल्बेनिसचं अस्तुरियास, मग तार्रेगाचं ट्रेमोलोवालं (एकच सूर भराभर थरथरवत वाजवलेलं) अल्हांब्रा आणि जरा पुढे गेलेला असेल तर बार्रिओसचं ला कातेद्राल. माझंही या तिन्हींवर मनापासून प्रेम आहे, पण गिटारने खरी बहार आणलीय ती इतर वाद्यांबरोबर, आणि ती रेकॉर्डिंग्ज आपल्याकडे फार कमी लोक ऐकतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

गिटारचा आवाज मुळात लहान. हॉलमध्ये चार व्हायोलिनवर्गीय वाद्यांच्या मधे ते वाजलं की मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र माइक जवळ ठेवता येतो आणि गिटारला त्याची हक्काची जागा मिळते. आपण सवाईला बसणारी माणसं, पेटीवाला कुठे मागे सरकतो आणि कुठे जागा भरतो हे आपल्या कानांना कुणी शिकवावं लागत नाही, गिटार क्विंटेट, म्हणजे गिटार आणि ती चार वाद्यं मिळून पाच जणांची रचना, ऐकायला तेवढी तयारी पुरते.

सुरुवात बोकेरिनीपासून करा. हा स्वतः चेलोवादक, इटलीचा पण आयुष्य गेलं स्पेनमध्ये, आणि बेनाव्हेंतेचा मार्क्विस हौसेने गिटार वाजवायचा म्हणून याने आपल्याच जुन्या रचना घेऊन त्याच्यासाठी गिटार क्विंटेट्स करून दिली. त्यातलं 1798 चं डी मेजरमधलं, ज्याच्या शेवटी फांदांगो हा स्पॅनिश नाच आहे, ते आधी ऐका. दोनच कॉर्ड्स आलटून पालटून फिरत राहतात, गिटार ताल धरून ठेवतं, वर बाकीची वाद्यं एकमेकांना चिडवत असतात, काही रेकॉर्डिंग्जमध्ये तर कॅस्टनेट्स, म्हणजे हातात वाजवायच्या लाकडी टाळ्याही आहेत. गिटारवादक पेपे रोमेरोने अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्सच्या वादकांबरोबर केलेलं मला सगळ्यात आवडतं.

मग कास्तेलनुओव्हो-तेदेस्को या इटालियन संगीतकाराचं 1950 चं क्विंटेट, स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियासाठी लिहिलेलं. सेगोव्हियाने ते रेकॉर्डही केलंय, क्विंतेत्तो किजियानो या इटालियन वादकसंचाबरोबर. जुना आवाज आहे, चालवून घ्या, त्याचा टोन ऐकायलाच ते लावायचं. व्हायोलिनसाठी प्रसिद्ध असलेला पॅगानिनी स्वतः गिटारही वाजवायचा आणि त्याने गिटार, व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशी पंधरा क्वार्टेट्स लिहिलीत हेही माहीत असू दे, सगळी ऐकाच असा माझा आग्रह नाही.

दोन गिटार हवी असतील तर ज्युलियन ब्रीम आणि जॉन विल्यम्स या गिटारवादकांचा 1971 चा अल्बम, टुगेदर. त्यात सोरचं लाँकुराजमाँ हेडफोन लावून ऐका. विल्यम्सचं वाजवणं अगदी स्वच्छ, प्रत्येक सूर नीट कोरलेला, आणि ब्रीम एकाच ओळीत हात ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली बांधलेल्या पट्टीकडे नेऊन आवाज पातळ धारदार करतो की लगेच वर सरकून मऊ करतो, नाव न बघताही कोण कुठला ते कळतं.

आणि सोलोच ऐकायचं असेल तर याच ब्रीमसाठी बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराने 1963 मध्ये लिहिलेलं नॉक्टर्नल. यात उलटा कारभार आहे, व्हेरिएशन्स, म्हणजे धुनेची बदललेली रूपं, आधी येतात आणि मूळ धून शेवटी. धून आहे जुना इंग्लिश संगीतकार डाऊलंड याच्या 1597 मधल्या, झोपेला बोलावणाऱ्या गाण्याची. त्याआधी सगळी तळमळ, एका भागाचं तर नावच अस्वस्थ, आणि शेवटच्या पासाकालिया नावाच्या भागात खालच्या तारांवर तोच उतरता तुकडा पुन्हा पुन्हा येतो, इतका की आता थांबव म्हणावंसं वाटतं, आणि मग ते गाणं येतं. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये हे ऐकू नका, काहीही हाती लागणार नाही, रात्री अकरानंतर लावा, जाड तारेवरून बोट घसरल्याची कर्रर्र सुद्धा ऐकू आली पाहिजे.

घरातली मोठी माणसं हे परकं आहे म्हणत असतील तर त्यांना रविशंकरांचं लोब आँशाँते लावून द्या, तोडीवर बांधलेलं आहे. मूळ बासरी आणि हार्पसाठी, पण बासरी-गिटारच्या जोड्या ते बरेचदा वाजवतात आणि मला गिटारवालंच जास्त भावतं, कारण हार्पपेक्षा त्यात तारेला बोट लागल्याचं जास्त जाणवतं. तुमच्याकडे आवडतं एखादं बासरी-गिटारचं रेकॉर्डिंग असेल तर कमेंटमध्ये टाका, मी नक्की ऐकणार.