ताईसाठी गाळा घ्यावा की फ्लॅट?

भाऊजींच्या पश्चात ताईच्या हाती आलेल्या रकमेपैकी तीस लाख तिने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. त्या योजनेची मर्यादाच तेवढी असल्याने उरलेले साठ-बासष्ट लाख कोठे गुंतवावेत, हा प्रश्न गेले चार महिने आमच्या घरात आहे. तिला मिळकतच हवी होती, कारण व्याजाची रक्कम ठरलेली राहते आणि भाडे मात्र वाढत जाते, हा तिचा विचार मला पटला. पुण्यात दोन पर्याय समोर होते : धायरीतील नव्या संकुलात तळमजल्यावरचा २१० चौरस फुटांचा गाळा, किंमत ५८ लाख, भाडे महिना ३० हजार; आणि वारज्यातील वन बीएचके फ्लॅट, किंमत ५६ लाख, भाडे १७ हजार.

वरवरच्या हिशेबात गाळा सहा टक्क्यांहून अधिक देतो आणि फ्लॅट साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहतो. दलालाने ताईला एवढेच सांगितले होते आणि त्यात खोटे काही नव्हते. परंतु मी स्वतः कर्वे रस्त्यावरच्या एका गाळ्याचा मालक असल्यामुळे हिशेबाची दुसरी बाजू तिच्यापुढे मांडणे मला माझे कर्तव्य वाटले.

माझ्या गाळ्यात झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान होते. मेट्रोच्या कामाचे पत्रे रस्त्यावर लागले, दुचाकी उभी करायला जागा उरली नाही आणि गिऱ्हाईक हळूहळू कमी होत गेले. त्यानंतर २०२० मध्ये टाळेबंदी आली, महाविद्यालये बंद झाली आणि जूनमध्ये भाडेकरूने किल्ल्या माझ्या हाती दिल्या. त्याने माझे एक रुपयाही बुडवले नाही. धंदाच राहिला नव्हता, तर तो भाडे कोठून देणार? पुढे चौदा महिने गाळा रिकामा राहिला. दर महिन्याला जाऊन कुलपात तेल घालायचे, शटर अर्धे वर करून आतली धूळ पाहायची आणि फटीतून आत सरकवलेले वीजबिल उचलायचे. एक युनिटही न जळता व्यापारी दराचा स्थिर आकार त्यात लागलेला असे. मिळकतकर आणि देखभाल शुल्कही चालूच होते. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाली आणि वर्दळ परतली. पण नव्या भाडेकरूला मी त्याआधीच कमी भाड्यात बसवले होते. माझा पगार चालू होता म्हणून ते चौदा महिने निभावले.

धायरीचा गाळा पाहायला मी एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मुद्दाम गेलो. ओळीतल्या आठ गाळ्यांपैकी तिघांची शटर खाली होती. समोरच्या दुभाजकाला जवळपास वळायला जागा नसल्याने पलीकडचे गिऱ्हाईक इकडे येणे कठीण होते. किमतीत धरलेला पोटमाळा मंजूर नकाशात नव्हता. शिवाय सध्याच्या मोबाइल दुकानदाराचा लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत भाडेकरूला जागा सोडता येत नाही तो काळ, संपलेला असल्याने महिन्याभराच्या नोटिशीवर तो कधीही जाऊ शकत होता. म्हणजे ज्या तीस हजारांवर किंमत ठरली होती, ते तीस हजार केवळ एका महिन्यापुरते बांधलेले होते.

मग मी रिकामे महिने धरून पुन्हा आकडे मांडले. तीन वर्षांत आठ महिने गाळा रिकामा राहील असे मानले आणि वर्षाचा कर व देखभाल मिळून ५५ हजार वजा केले, तर हाती सुमारे सव्वादोन लाख, म्हणजे चार टक्क्यांच्या किंचित खाली उरतात. फ्लॅटच्या बाबतीत वर्षात एक महिना रिकामा धरून सोसायटीचे शुल्क आणि मिळकतकर वजा केल्यास १ लाख ४७ हजार, म्हणजे २.६ टक्के राहतात. (स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका देते ती ४० टक्के सवलत भाड्याच्या फ्लॅटला मिळत नाही, आणि मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत लावू शकते, हे दोन्ही मी धरले आहे.) तरीही गाळाच पुढे राहतो, हे मी ताईपासून लपवले नाही.

परंतु बचत योजनेच्या व्याजात तिचा किराणा आणि वीजबिल भागते. औषधे, मोलकरीण आणि येण्याजाण्याचा खर्च भाड्यातूनच व्हायचा आहे. सलग आठ महिने भाडे आले नाही तर ती मुलाकडे मागणार नाही, औषधे पुरवून पुरवून घेईल. मी तिला चाळीस वर्षे ओळखतो. वारज्यात मात्र एक कुटुंब गेले की पंधरवड्यात दुसरे चौकशीला येते, आणि भाडे हजाराने कमी केले तर त्याहून लवकर. तिच्या वयाला आणि गरजेला मला हेच योग्य वाटते. निवृत्तिवेतन पुरेसे असणाऱ्या आणि कर्ज नसणाऱ्या माणसाला, गाळा नीट पारखून घेतलेला असेल तर, मी उलटा सल्ला देईन.

फ्लॅटचे भोगवटा प्रमाणपत्र आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) वकिलांना दाखवून झाले आहे. दस्त ताईच्या एकटीच्या नावाने होणार असल्यामुळे मुद्रांक शुल्कात महिलांची एक टक्का सवलत मिळेल, जी निवासी मिळकतीलाच लागू आहे. म्हणजे ५६ हजार रुपये वाचतील. त्या पैशांतून स्वयंपाकघरातला गळका नळ आणि मोरीच्या फरश्या आधी बदलून घ्यायच्या, असे तिने ठरवले आहे.