चहाची वही

सोमवार, रात्री

मॅडमनी आज चहाच्या वर्गणीची वही फिरवली. अर्थशास्त्राच्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दरवेळी त्याच फिरवतात. माझ्या डावीकडे कॉमर्सचे सर बसले होते. त्यांच्याकडे पाचशेची नोट होती, सुट्ट्यांवरून जरा हुज्जत झाली, शेवटी 'पुढच्या महिन्यात वळते करा' यावर मिटलं. मग वही माझ्या खुर्चीमागून गेली आणि उजवीकडे मराठीच्या मॅडमसमोर उघडली. माझं पाकीट तोवर खिशातून अर्धं बाहेर आलं होतं. ते आत सरकवून मोबाईल काढला आणि काहीतरी वाचत असल्यासारखं केलं. कुणी पाहिलं नाही. किंवा पाहिलं नाही असं दाखवलं. आमच्या स्टाफरूममध्ये ती कला सगळ्यांनाच येते.

झालं ते एवढंच. दोनशे रुपये मागितले नाहीत. कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणतील, नशीब काढलंस.

गेल्या वर्षी मागायच्या, मी द्यायचो. मग या वर्षी काय बदललं? माझं तासांच्या मानधनाचं बिल तर गेल्या वर्षीही वेळेवर निघत नव्हतं. म्हणजे मध्ये कधीतरी माझ्याबद्दल बोलणं झालं असणार. 'जाऊ दे हो, त्याच्याकडून नको घेऊया.' कोण म्हणालं असेल? मॅडम स्वतः? की इतिहासाचे सर, जे सगळ्यांना 'बाळ' म्हणतात? आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असतील. मी तेव्हा वर बावीस नंबरच्या खोलीत तास घेत असणार. चांगुलपणानंच बोलले असतील, त्यात शंका नाही. त्याचाच त्रास होतोय बहुधा. वाईट बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

ऑफ तासाला स्टाफरूम रिकामी होती तेव्हा वही पाहिली. कपाटावरच असते, लपवाछपवी काही नाही. वही म्हणजे मागच्या परीक्षेतली उरलेली उत्तरपत्रिका. मुखपृष्ठावर जिथे बैठक क्रमांक लिहायचा तिथे मॅडमनी 'चहा' लिहिलंय, आणि पर्यवेक्षकाच्या सहीच्या जागी त्यांचीच सही. आत स्केलने आखलेले रकाने. नावं अर्थातच सेवाज्येष्ठतेने. माझं नाव आहे, ग्रंथपालांच्या खाली. आणि त्यापुढे थेट मार्चपर्यंत पेन्सिलीने ओढलेली एक सरळ आडवी रेघ. म्हणजे आज विसरल्या वगैरे काही नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं. पेन्सिल का वापरली असेल यावर मी जरा जास्तच वेळ विचार केला.

दुपारी एसवायचं भूगोलाचं प्रॅक्टिकल. स्थलनिर्देशक नकाशे काढले, १:५०,०००चे. टेबलावर पसरले की कडा वर उचलतात, चारी कोपऱ्यांवर डस्टर आणि पोरांचे डबे ठेवावे लागतात. आमच्या एका नकाशाची घडी फाटून एक अख्खं गाव गेलंय. तिथे कुणीतरी फार पूर्वी सेलोटेप लावलीय, ती आता पिवळी पडलीय. शेतजमीन पिवळ्या रंगात दाखवतात, त्यामुळे दरवर्षी कुणीतरी त्या पट्टीला शेती म्हणतं आणि जर्नलमध्ये तसं उतरवतं. आज एका मुलीने विचारलं, "सर, या ओढ्याला पाणीच नाही तर मग तो नकाशात काळ्या रेघेने कशाला दाखवायचा?" म्हटलं, पावसाळ्यात असतं, आणि ओढा तर तिथे आहेच ना. तिला पटलं. त्यावर माझ्या मनात जे आलं ते इथे लिहीत नाही. भूगोलाच्या माणसाने उपमा देऊ नयेत.

शेवटच्या तासाआधी पुन्हा चहा, पुन्हा वेतन आयोग. केंद्राने आठव्याला मंजुरी दिली २०२५च्या जानेवारीत, तेव्हापासून आमच्याकडे सगळ्याच विभागांत गणित शिकवलं जातं. सातव्याला जुन्या मूळ वेतनाला २.५७ने गुणलं होतं, आता कितीने गुणतील? कॉमर्सचे सर कागदाच्या कपावरच आकडेमोड करतात. मग गाडी पेन्शनवर येते, ती रोजच येते. इतिहासाचे सर १ नोव्हेंबर २००५च्या आधी लागलेले, कॉमर्सचे सर त्यानंतर काही महिन्यांनी. एकाला जुनी पेन्शन, दुसऱ्याला नाही. दोघं एकाच डब्यातली भाजी खातात आणि रोज त्या काही महिन्यांवरून एकमेकांना टोचतात. आज कॉमर्सचे सर म्हणाले, "तुम्हाला काय हो, तुम्ही मेलात तरी वहिनींना मिळेल." इतिहासाचे सर म्हणाले, "मग मरू का?" सगळे हसले, मीही हसलो.

मला या गप्पा आवडतात, हे सांगून कुणाला पटणार नाही. फिटमेंट म्हणजे तो गुणक, एनपीएस म्हणजे नवी पेन्शन, कॅस म्हणजे बढतीची फाइल, वेतनाची लेव्हल १२ की १३-ए, मला सगळं तोंडपाठ आहे. नव्याने कायम लागलेल्याचं मूळ वेतन ५७,७००, हा आकडा तर मला स्वतःच्या रक्तगटासारखा पाठ. आजवर त्या गप्पांत माझी जागा कुठली, हा प्रश्न पडला नव्हता. ऐकणारा होतो, चहा पिणारा होतो, दोनशे देत होतो. दोनशे दिले की बसायचा हक्क असतो. आता तो हक्क आहे की पाहुणचार, ते कळेना. आज कप हातात घेतला आणि आधी इकडेतिकडे पाहिलं. यापूर्वी असं कधी पाहिलं नव्हतं.

हे जरा फारच रडकं होतंय.

एसटी स्टँडवर इंग्रजीची सीएचबीवाली भेटली, म्हणजे माझ्यासारखीच तासिका तत्त्वावरची. सेट, नेट, पीएचडी, सगळं झालेलं. सहायक प्राध्यापकाला पीएचडी सक्तीची नाही असं यूजीसीने २०२३च्या जुलैत जाहीर केलं, तेव्हा तिचा व्हायव्हा नुकताच झाला होता. पेढे वाटून आठवडासुद्धा झाला नव्हता. दोन कॉलेजांत तास घेते, मध्ये वडाप. तिला विचारलं, तुझ्याकडे वर्गणी मागतात का? "कशाची?" चहाची. तिने जरा आठवून पाहिलं. "नाही बुवा. का, द्यायची असते?" म्हटलं, वाईट नाही वाटत? "सर, मी तर दोन कप घेते," म्हणाली, आणि तिची गाडी लागली.

मग मला वहीतली दुसरी गोष्ट आठवली. दुपारी पाहिली होती, पण तेव्हा मी स्वतःच्याच रेघेत अडकलेलो. सगळ्यात वरचं नाव, आमचे प्रोफेसर साहेब, लेव्हल १४. त्यांच्यापुढे ऑगस्टपासून दर महिन्याला 'बाकी', 'बाकी', 'बाकी'. तेही शाईने. तीन नावं सोडून झूलॉजीचे सर, 'अर्धे'. ग्रंथपाल, 'कोरा चहा, सवलत'. म्हणजे या वहीत व्यवस्थित पैसे भरणारी माणसं मोजकीच, आणि न भरणाऱ्यांत मी फार वरच्या लोकांच्या पंगतीला आहे. फरक इतकाच की साहेबांकडून येणं आहे आणि माझ्याकडून नाही. एसटीत खिडकीशी बसून एकटाच हसलो. शेजारच्या आजींनी पिशवी स्वतःकडे ओढून घेतली.

घरी हिला सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, पेन्सिलीसकट. मग म्हणाली, "दोनशे वाचले ना? गॅसचा नंबर लावा." आईचं वेगळंच. तिला त्या मॅडम फार आवडल्या. असं न बोलता सांभाळून घेणारं माणूस कुठं मिळतं हल्ली, म्हणाली. तिला मी प्राध्यापक आहे एवढंच माहीत आहे. दरवर्षी मुलाखत, दरवर्षी नवी ऑर्डर, २०२१मध्ये निघालेल्या सहायक प्राध्यापकांच्या त्या २०८८ जागा आणि आरक्षणाच्या बिंदुनामावलीत अडकलेली आमच्या विषयाची जागा, हे एकदा समजावून सांगितलं होतं. तेव्हा तिने विचारलं होतं, "पण शिकवतोस ना?" शिकवतो. मग झालं तर, असं तिचं.

त्या दोघींचं ऐकलं की वाटतं, मीच रेघेचा डोंगर करतोय. आणि मॅडमनी आज खरंच वही माझ्यासमोर धरली असती तर? पाकिटात दोनशे होते, ते एसटीच्या पासचे. दिले असते, मग रात्री इथेच लिहिलं असतं की बघा, बिल निघालं नाही हे माहीत असून मागतात. हे मला आत्ता लिहिताना पुरतं कळतंय. तरी ती रेघ टोचतेच. दोन्ही खरं आहे, काय करू.

साडेनऊला मॅडमचाच मेसेज, नॅकला द्यायच्या कॉलेजच्या वार्षिक अहवालाचा, म्हणजे एक्यूएआरचा. 'सर, एक्यूएआर ३१ डिसेंबरच्या आत अपलोड करायचाय. अभ्याससहलीचे जिओटॅग फोटो तुमच्याकडेच आहेत ना? क्रायटेरियनप्रमाणे लावून द्याल का? तुम्ही फार व्यवस्थित करता.' पुढे हात जोडलेले. निघोजच्या रांजणखळग्यांची सहल. मुलांना नदीच्या पात्रात उतरवून बसाल्टमधले खळगे मीच दाखवले, फोटोही मीच काढले. सहलीच्या अहवालावर सही कायम शिक्षकाची लागते म्हणून ती इतिहासाच्या सरांची. ते सहलीला आले होते, गाडीतच झोपले होते.

'हो मॅडम, उद्या देतो' असं लिहिलं. मग जरा थांबून आणखी लिहिलं, 'आणि चहाच्या वर्गणीत या महिन्यापासून मलाही धरा.'

दोन निळ्या टिका आल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, आणि आलं इतकंच: 'बिल निघालं का?'

'नाही.'

'मग?'

या 'मग'ला काय उत्तर द्यायचं ते सुचेना. फोटोंच्या फाइलींना नावं मराठीत द्यायची की इंग्रजीत, तेवढं विचारून घेतलं.

इंग्रजीत द्यायची आहेत.